एक एकर पाच गुंठे

गेल्या वर्षीचा जुलै, शेवटचा रविवार, सकाळचे पावणेनऊ. रक्कम तीस रुपये, म्हणजे दहाप्रमाणे तीन चहा. हजर तिघं: मोजणीवाले चाचा, जळकोटहून पहिल्या एसटीनं आलेला माझा मेहुणा आणि मी. ठिकाण लातूर, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचं हॉटेल. तीन चहा आले, दोन प्यायले गेले. तिसऱ्यावर साय धरली, तरी चाचांनी कपाला हात लावला नाही.

मेहुण्याला ते लागलं. "चाचा, घ्या की. साखर कमी टाकायला सांगितलंय."

"चहाला नावं ठेवत नाही मी, पाव्हणे," चाचा म्हणाले. पिशवीतून त्यांनी स्वतःचा थर्मास काढला, त्याच्या झाकणात स्वतःचा चहा ओतला आणि फुंकर मारून प्यायला सुरुवात केली. "तुमचं काम घेऊन आलात ना? मग तुमचा चहा नक्को."

थर्मासची ही गोष्ट सगळ्या कॉलनीला माहीत होती, मेहुण्याला नव्हती. चाचा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणीला गेलं की शेतमालक आधी चहा आणतो, शेजारचा शेतकरी ते बघतो आणि तिथंच त्याचा मोजणीवरचा विश्वास उडतो. म्हणून चाचांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी थर्मास घेतला. "ज्याचा चहा पोटात जातो ना, मोजणीच्या साखळीची एक कडी त्याच्या बाजूला सरकते," असं ते म्हणायचे. निवृत्तीला बारा वर्षं झाली, साखळी गेली, पण थर्मास राहिला. लग्नाकार्यात, मयतीत, माझ्या मुलीच्या बारावीच्या पेढ्यांच्या वेळीसुद्धा. पेढा खाल्ला. चहा स्वतःचा.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. चाचांना कुठंही चूक दिसली की ते तोंडानं काही बोलत नसत. खिशातून आखीव वही काढायची, कार्बन घालायचा आणि चार रकाने भरायचे: कुठे, काय आहे, काय हवं, कशावरून. मूळ प्रत ज्याची चूक त्याला, कार्बन प्रत फायलीत. आमच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलेली लिटरं टाकीच्या मापाशी जुळत नव्हती, त्याची चिठ्ठी. एका लग्नपत्रिकेत कार्यालय स्टँडपासून 'दोन मिनिटांवर' होतं, चाचांना अकरा मिनिटं लागली, त्याची चिठ्ठी आहेराच्या पाकिटात. उदगीरच्या रस्त्यावर किलोमीटरचे दोन दगड एकाच आकड्याचे होते, त्याची चिठ्ठी थेट बांधकाम खात्याला, सोबत नकाशा. औषधाच्या दुकानातून, किराण्यातून, कुठूनही काहीही घेतलं तरी पावती मागायचे. ती आकड्यानं चुकली असेल तर तिथंच चिठ्ठी.

"नुसती तक्रार कोण पण करतं, हेडक्लार्क साहेब," ते मला सांगत. मी एका शाळेच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं काढली आहेत, म्हणून माझं नाव हेच. "तक्रार करायची तर दुरुस्ती जोडून करायची. नाही तर गप बसायचं."

मी एकदा त्यांच्या फायली मोजल्या. चिठ्ठ्या चारशे सतरा. आलेली उत्तरं तीन, त्यातलं एक दुसऱ्याच कोणाचं होतं, चुकून यांच्या पत्त्यावर आलेलं. चाचांनी तेही चिठ्ठी लावून परत पाठवलं. दुरुस्ती झालेली चूक: शून्य.

चाची आतून म्हणायच्या, "सगळ्या दुनियेची चूक दिसती यांना. कपाळावरचा चष्मा तेवढा दिसत नाही."

चाचा हसून चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घ्यायचे. पण मी एकदा विचारलं होतं, चाचा, एवढं लिहून फायदा काय? तेव्हा ते हसले नव्हते. म्हणाले, "एक. फक्त एक चिठ्ठी मंजूर झालेली बघायची आहे मला. कोणीतरी वाचलं म्हणायला."

तर मेहुण्याचं काम असं होतं. त्यानं मोबाइलवर शेतीचं एक ॲप घेतलं होतं, फुकटातलं. क्षेत्र टाकलं की बियाणं किती, तणनाशक किती, ते सांगायचं. सोयाबीनच्या एका तुकड्यावर त्यानं तण मारायचं औषध फवारलं आणि चौथ्या दिवशी पिकाची पानं पिवळी पडून कडा करपल्या.

"कंपनीची चूक, दुकानदाराची चूक, का माझी? काहीच कळून नाही राहिलं, दाजी," तो म्हणाला. "लेबल वाचलं, हवा बघितली, पंप धुतला. मोबाइलनं सांगितलं तेवढंच टाकलं की."

चाचांनी विचारलं, "क्षेत्र किती?"

"एक एकर पाच गुंठे."

"मोबाइलमध्ये कसं टाकलं? टाकून दाखवा."

मेहुण्यानं टाकलं: १.५

चाचांनी थर्मासचं झाकण खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मला पण तेव्हाच दिसलं. आमच्याकडं सगळे असंच लिहितात. टिंबाच्या अलीकडं एकर, पलीकडं गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, त्यामुळं एक एकर पाच गुंठे म्हणजे पंचेचाळीस गुंठे. ॲपनं मात्र ते दीड एकर धरलं, म्हणजे साठ गुंठे. एकरी चारशे मिलिच्या हिशेबानं औषध लागायला हवं साडेचारशे मिलि, ॲपनं सांगितलं सहाशे. त्या तुकड्याला फवारणीचे अकरा पंप भरून लागतात हे मेहुण्याला पाठ होतं, म्हणून पाणी बरोबर अकरा पंपांचंच गेलं. पंपाला एकेचाळीस मिलि जायचं तिथं साडेचोपन्न गेलं.

"म्हणजे चूक कोणाचीच नाही," मी म्हणालो.

"असं कसं? चूक तर आहे," चाचा म्हणाले. "माणूस नाही सापडला म्हणून चूक नाहीशी होत नाही. बियाणं पण असंच सांगत असणार हे. दोन एकर वीस गुंठे २.२० टाकले की हे अठ्ठ्याऐंशीच गुंठे धरणार, बारा गुंठ्यांचं बी कमी." आणि खिशातून वही काढली. मग कार्बन हातात धरून थांबले. "ही द्यायची कोणाला?"

चाचांची मुलगी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता, आणि चाचा निवृत्तीनंतर त्यावर प्रोग्रॅमिंग शिकत होते. शिकत होते म्हणजे धडा एक, पान एक, असं ओळीनं. मोजणीच्या नोंदींसारखी फील्डबुकात टिपणं काढत. त्यांना दोन वर्षं लागली, पण एकही धडा त्यांनी सोडला नाही. महिन्यातून एकदा नांदेडच्या बसनं ते शंकांची यादी घेऊन लेकीकडं जायचे. जावई म्हणायचे, "अब्बा आले की हिची परीक्षा असते."

तिला फोन केला. ती म्हणाली, "अब्बा, ते ॲप ओपन सोर्स आहे. त्याचा सगळा कोड उघडा आहे. कोणी पण वाचू शकतं, दुरुस्ती पण सुचवू शकतं. मालक कोणी नाही, चार-पाच जण आपला वेळ देऊन चालवतात. आधी त्यांचे नियम वाचा. मग ही चूक आधी कोणी कळवलीय का ते बघा. मगच हात लावा."

मला यातलं काही कळेना. चाचांनी ते मला एका वाक्यात सांगितलं आणि मी ते आजवर विसरलो नाही.

"सातबारा कोण बघू शकतं? कोणी पण. बदलू कोण शकतं? कोणी नाही, फेरफार टाकावा लागतो. तसंच हे. आपण आपली नक्कल काढायची, नकलेत दुरुस्ती करायची, ती घेऊन फेरफार टाकायचा. त्यांनी हरकती काढायच्या, आपण उत्तरं द्यायची. मग मंजुरी, आणि मग मूळ दप्तरात नोंद. कळलं?"

कळलं. इतकी वर्षं ज्याची चिठ्ठी कोणी घेतली नाही, त्याला चिठ्ठ्या घेणारं खातं सापडलं होतं.

पण चाचा पडले चाचा. नक्कल काढली, कोड वाचायला बसले आणि अजून सोळा चुका काढल्या. पावसाच्या आकड्यांची गोळाबेरीज, एका बटणाचा रंग, मराठीतले चुकीचे शब्द, पिकांच्या यादीतला क्रम. दीड महिना खपून सतरा दुरुस्त्या एकदम पाठवल्या. सोबत पत्र, इंग्रजीत पण सरकारी: विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' आणि खाली 'आपला विश्वासू'.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. प्रोजेक्टची देखभाल करणाऱ्या बाई दुसऱ्या राज्यातल्या होत्या. मुद्देसूद पानभर लिहिलं होतं. सार असं: आभार, पण सतरा गोष्टी एकत्र तपासता येत नाहीत, त्यातली एक चुकली तर सोळा अडकतात, एका वेळी एकच पाठवा, गुंठ्याचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, तो आधी, आणि कृपया मला 'आदरणीय महोदया' लिहू नका. फेरफार नामंजूर.

मला वाटलं, आता चाचा बसले. मी समजूत घालायला गेलो, तर ते खुर्चीत नव्हतेच. पान छापून आणून भिंतीवर लावत होते.

"चाचा, परत पाठवलंय हो त्यांनी."

"हौ! परत पाठवलं!" त्यांचा चेहरा उजळला होता. "वाचून परत पाठवलं. हे बघा, सातव्या दुरुस्तीत माझी चूक पण काढलीय. म्हणजे सहा वाचून झाल्यावर सातवी वाचली. चारशे सतरा चिठ्ठ्यांत असं कोणी केलं होतं?"

चाची म्हणाल्या, "नापास झाले आणि पेढे वाटायला निघाले."

मग नुसते गुंठे घेतले. चाचांचं म्हणणं सरळ होतं: टिंबाच्या पुढं जे असेल ते गुंठे धरा. ते त्यांनी कोडमध्ये केलंही. पण बाईंनी पुन्हा हरकत घेतली. त्यांच्या राज्यातले शेतकरी दीड एकरालाच १.५ लिहितात, त्यांचं काय करायचं?

चाचा म्हणाले, "असं कसं लिहितील?" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी लिहितो.

शेवटी पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्याच कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. येईल त्याला कागद द्यायचा आणि म्हणायचं, एक एकर पाच गुंठे आकड्यात लिहा. मी नोंद ठेवली. तेवीस जणांनी लिहिलं. चौदा जणांनी १.५, सहा जणांनी १.०५, दोघांनी मधे आडवी रेघ मारून, आणि एकानं नुसतं ४५ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. तो गणिताचा शिक्षक निघाला. औशाच्या बाजारातून परतलेल्या एका म्हाताऱ्यानं कागद बघून विचारलं, "कशाला पायजे? जमीन देऊन राहिले का काय?"

चाचा तो कागद बराच वेळ बघत बसले. "बाई बरोबर आहेत," ते म्हणाले. "टिंबाचा भरवसा नाही. टिंबच काढून टाकायचं."

आणि मग नोकरीतलं फील्डबुक उघडून माझ्यापुढं ठेवलं. त्यात एकतीस वर्षं दोन रकाने होते. एकर वेगळे, गुंठे वेगळे. "मी स्वतः कधी टिंब नाही वापरलं, आणि यांना टिंब शिकवायला निघालो होतो."

ॲपमध्ये दोन खाने करायचे ठरले. कोड चाचांचा. पण बाईंच्या नियमात प्रत्येक दुरुस्तीला पुरावा जोडावा लागे: कोणता आकडा टाकला तर काय उत्तर यायला हवं. ते काम माझ्याकडं आलं. मी प्रोग्रॅमिंगची एक ओळ लिहू शकत नाही, पण तक्ता आखू शकतो. शून्य गुंठ्यापासून चाळीसपर्यंत एकेचाळीस ओळी केल्या, प्रत्येकीचं उत्तर हातानं काढलं, दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमानं पुन्हा तपासलं. छत्तिसाव्या ओळीत ॲपचं उत्तर आणि माझं उत्तर जुळेना. दोन तास गेले. चूक माझी होती. चाचांनी मला चिठ्ठी दिली, कार्बन प्रतीसह. ती माझ्याजवळ आहे.

गुंठ्याच्या खान्यात कोणी चाळीसच्या वर आकडा टाकला तर? चाचा म्हणाले, घ्यायचाच नाही. मेहुण्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "न्हाई हो चाचा, आमचा बाप जन्मभर पंचेचाळीस गुंठेच म्हणायचा. त्याला काय हाकलून देता?" त्याच्या वडिलांसाठी ती सोय ठेवली. माझ्या तक्त्यात आणखी पाच ओळी वाढल्या.

फेब्रुवारीत दोन खान्यांचा नवा फेरफार गेला. पत्रात विषय-संदर्भ नव्हते. चाचांनी फक्त त्यांचे नेहमीचे चार रकाने लिहिले होते. उत्तर आलं नाही. आठ दिवस, दहा दिवस. मी म्हणालो, आठवण करा. मेहुणा तिकडून विचारायचा, पेरणीच्या आत होतंय ना? कारण गावातले अजून दहा-बारा जण तेच ॲप वापरत होते आणि त्यांना टिंबाचं सांगून पटत नव्हतं. मोबाइल चुकतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

चाचा म्हणाले, "फेरफाराला पंधरा दिवस हरकतीचे असतात. सोळाव्या दिवशी बघू." आणि ते पंधरा दिवस ते रिकामे बसले नाहीत. प्रोजेक्टच्या पानावर लोकांचे प्रश्न पडलेले होते, त्यातले मराठी, हिंदी, दख्खनीतले जेवढे कळत होते त्यांना उत्तरं देत राहिले. एकच तक्रार सात जणांनी केली होती, ती एकाखाली आणून लावली. कोणी नुसतं 'चालत नाही' लिहिलं असेल त्याला विचारायचं, कुठे, काय आहे, काय हवं, कशावरून.

सोळाव्या दिवशी त्यांनी एक ओळ पाठवली. ती इंग्रजीत होती, चाचांनीच मला अर्थ सांगितला: घाई नाही, फक्त पेरणी जूनमध्ये आहे.

उत्तर त्याच दिवशी आलं. बाईंच्या आईचं ऑपरेशन होतं, त्या महिनाभर दवाखान्यात होत्या. मधे पान उघडलं तर पडून राहिलेले प्रश्न कोणीतरी निपटून ठेवलेले दिसले, त्यानं फार हलकं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पगार नाही, सुट्टी नाही, आणि आपण यांना नोटीस पाठवायला निघालो होतो," ते म्हणाले. 'आपण' म्हणजे मी, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यानंतर दोन किरकोळ हरकती निघाल्या. एका खान्याचं नाव बदला, तक्त्यातल्या तीन ओळी जास्तीच्या आहेत त्या काढा. त्या तीन ओळी काढताना मला दुखलं, पण काढल्या. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला चाचांचा फोन आला. ते एकच शब्द बोलले. "मंजूर."

मी गेलो तेव्हा ते मोरीत थर्मास घासत होते. पाठमोरे होते आणि फार वेळ घासत होते. चाचींनी मला खुणेनं बसायला सांगितलं. टेबलावर चारशे अठराव्या चिठ्ठीची कार्बन प्रत होती. तिला चाचांनी एक पाचवा रकाना आखला होता आणि त्यात तारीख घातली होती.

बाईंनी विचारलं होतं, यादीत नाव कसं लिहू? चाचांनी तीन नावं कळवली. त्यांचं, माझं आणि मेहुण्याचं. मेहुण्याच्या नावापुढं 'प्रत्यक्ष शेतावर तपासणी' असं आलं. तो फोनवर ओरडलाच. "दाजी, बापामागं सातबारावर नाव लागायला मला नऊ वर्षं गेली. इथं चहा पाजला न पाजला तर लागलं!"

यंदाचा जून, दुसरा रविवार. तेच हॉटेल, हजर तेच तिघं. मेहुण्यानं नवं ॲप उघडून चाचांच्या हातात दिलं. दोन खाने. चाचांनी पहिल्यात एक टाकलं, दुसऱ्यात पाच. साडेचारशे मिलि. मेहुणा म्हणाला, गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आलंय, आता कोणाला समजावत बसावं लागत नाही. मागच्या वर्षीचं करपलेलं सोयाबीन पंधरा-वीस दिवसांत हिरवं झालं होतं, पण त्या तुकड्याला दोन पोती कमी झाली, हेही त्यानं सांगितलं.

चहा आले. तीन. मेहुण्यानं या वेळी फक्त तिसरा कप चाचांपुढं जरा सरकवला. चाचांनी सवयीनं पिशवीत हात घातला. हात तसाच राहिला.

"एकतीस वर्षं मोजलं," ते म्हणाले. "प्रत्येक मोजणीला बांधाच्या एका बाजूचा माणूस तोंड पाडून घरी गेला. मोजणी बरोबर असली तरी गेला. पाव्हणे, या कामात हरलेला कोण आहे? दाखवा बरं."

मेहुण्यानं इकडं तिकडं बघितलं. "कोणीच न्हाई की, चाचा."

"तेच तर," चाचा म्हणाले आणि कप उचलला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर जास्त आहे." पण पूर्ण प्याले. थर्मास पिशवीतच राहिला.

या कामाचे चाचांना किती मिळाले, असं अजून लोक मला विचारतात. म्हणून नोंद करून ठेवतो. मधल्या काळात चहाचा दर दहाचा बारा झाला होता. मिळाले रुपये बारा, एका चहाचे. दिले मेहुण्यानं, हॉटेलवाल्याला. चाचांनी पावती मागितली नाही.